साहेबाच्या बुटाच्या नाड्या

साखरबाईच्या माहेरी म्हातारी माणसं म्हणायची, बाईनं बाळंत व्हावं तर आईच्या हाताखाली, नाहीतर देवाच्या. मधल्या कुणाचं काही चालत नाही.

साखरबाई स्वतः बाळंत झाली ती पाथर्डीकडं, आईच्याच हाताखाली. कळा येताना आई पाठ रगडत होती आणि तोंडानं शिव्याही देत होती, आणि त्या शिव्यांनीच म्हणे अर्धं दुखणं कमी झालं. त्यामुळे तारापूरच्या समुद्राकाठी, परदेशी साहेबांच्या बंगल्यात धुण्याभांड्याला लागल्यावर, तिथल्या बाईला दिवस गेल्याचं कळताच तिनं नवऱ्याला पहिलं हेच विचारलं, "हिची आई कधी यायची?"

चंद्रभान पोटभर हसला. "हिची आई सात समुद्रांपल्याड. तिकडं काय आपली एसटी जाते व्हय?"

"मग हिला तरी धाडा की माहेरी."

"मी धाडू? साहेबानं मला विचारून लगीन केलंय जणू!"

चंद्रभान खलाशी होता. बोटीवरचा नव्हे, अवजड यंत्रं उचलणारा. तारापूरला तेव्हा अणुवीज केंद्राचं काम जोरात चाललं होतं. बोईसर स्टेशनात रेल्वेनं येणारी अजस्र यंत्रं लांबलचक ट्रेलरवर लादून समुद्राकाठी न्यायची, हे त्याच्या टोळीचं काम. आणि त्या टोळीवर डेव्हिस साहेब. उंच, लालबुंद, शांत माणूस. ट्रेलर माणसाच्या चालीनं चाले आणि साहेब त्याच्या बाजूनं पायी चाले, लग्नाच्या वरातीत नवऱ्या मुलाचा बाप चालतो तसा.

त्याची बायको रूथ. साखरबाई तिला रूतबाई म्हणे. वयानं लहानच, अंगानं काटकुळी. दोघींत मिळून शब्द चारच होते. 'पानी', 'बेबी', 'मदर', आणि 'गो'. 'गो' हा रूतबाई आवारात शिरणाऱ्या कुत्र्याला म्हणे. 'मदर' म्हणताना ती समुद्राकडे बोट करी आणि मग बराच वेळ पाठमोरी उभी राही. साखरबाईला कळे. तिची आई तरी कुठं जवळ होती? पण पाथर्डी याच मातीवर होती. चालत निघालं तर कधीतरी पोचलं असतं. पाण्यावरून कुणी चालत जावं?

दिवस भरायच्या आधी रूतबाईला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन ठेवायचं ठरलं होतं. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. माणूस बॅगा भरतो आणि देव वेळ ठरवतो, दुसरं काय.

दिवाळी होऊन गेली होती. साखरबाई सकाळी कामाला गेली तर स्वयंपाकघरात रूतबाई ओट्याला धरून उभी, आणि पायाखालची फरशी ओली. साखरबाईच्या हातातली केरसुणी गळून पडली. महिनाभर आधीच! साहेब पहाटेच बोईसरला गेलेला, मोठं यंत्र आणायला. शेजारच्या बंगल्यातली मंडळी सुटीवर. मोटार तेवढी दाराशी होती आणि मोटारीत ड्रायव्हर बन्सी, तंबाखू मळत बसलेला.

"बन्सी, ऊठ! बाईचं पाणी गेलं!"

"कुठं गेलं पाणी? नळाला तर आत्ताच—"

"अरे मुडद्या, बाळंत होतीय ती!"

बन्सीनं तंबाखू तशीच खिडकीबाहेर टाकली. रूतबाईला मागच्या सीटवर आडवं केलं. साखरबाई दार लावून मागं सरणार, तोच रूतबाईनं तिचा हात पकडला.

"गो नो," ती म्हणाली. मग जोरानं, "नो गो! साकर, नो गो!"

साखरबाई तशीच, केराच्या हातांनी, मोटारीत चढली. "नाही जात गं बाई, कुठं जाते मी तुला टाकून," ती म्हणाली. ते रूतबाईला कळलं नसेल. पण तिनं हात काही सोडला नाही.

बोईसरकडे जाताना कुंभवलीच्या अलीकडे खाडीचा एक फाटा रस्त्याला आडवा येई. त्यावर अरुंद दगडी पूल होता. मोटार वळणावरून पुढं आली आणि बन्सीनं करकचून ब्रेक मारला.

पुलावर ट्रेलर अडकला होता. त्याचं एक चाक कठड्याचे दगड फोडून खचलं होतं, आणि वरचं ते घराएवढं यंत्र पाण्याच्या बाजूला कलंडून थांबलं होतं. जाड साखळदंडांनी बांधलेलं होतं म्हणूनच थांबलं होतं. खाली जॅक लावायचं काम चाललेलं. पूल असा गच्च भरला होता की कडेनं शेळीसुद्धा गेली नसती. खाली खाडीला भरती. आणि पाणी उतरलं तरी खाली मांडीएवढा चिखल.

बन्सीचा चेहरा उतरला. "मागं वळावं तर दुसरा रस्ता नाही, वहिनी. पलीकडं जायचं तर त्या साखळ्यांवरून चढून जावं लागेल. गडी जातील. ह्या बाई कशा जातील?"

आत रूतबाईला कळ आली. तिनं दात-ओठ आवळले, आणि मग जी किंकाळी फोडली, ती पुलावरच्या सगळ्यांनी ऐकली.

साहेबानंही. तो यंत्रावरून, साखळीला धरून, माकडासारखा उतरत अलीकडे आला. मोटारीत डोकावला आणि तिथंच गुडघ्यांवर बसला. दोघं काहीतरी बोलली. साखरबाईनं तोंड दुसरीकडे केलं. नवरा-बायकोचं बोलणं भाषा कळत नसली तरी ऐकू नये. मग साहेबानं पलीकडे ओरडून स्वतःची जीप पालघरला पिटाळली, डॉक्टर आणायला. पण पालघर म्हणजे काय चार पावलांवर होतं? आणि रूतबाईच्या कळा आता एकीला एक लागून येत होत्या.

रस्त्याकडेला पाड्यातलं एक झोपडं होतं. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेलं अंगण. किंकाळी ऐकून तिथून एक म्हातारी बाहेर आली. आखूड लुगडं, गळ्यात मण्यांच्या माळा. आली ती सरळ मोटारीशी आली, साहेबाला कोपरानं बाजूला सारलं आणि रूतबाईच्या पोटावर हात ठेवला.

"इथं मोटारीत पोर टाकणार का काय?" ती बन्सीवर खेकसली. "आना घरात. मी तानी. ह्या पाड्यातली सगली पोरं माज्या हातावर पडलीत. तू पन सुयनीच्याच हातावर पडला असशील. तोंड का वासतो?"

साहेबानं बायकोला उचलून झोपडीत नेलं. तानीनं त्याला ताबडतोब बाहेर काढलं. आत तीन बायका उरल्या. एक म्हातारी वारली सुईण, एक घाटावरची साखरबाई, आणि एक गोरी पोर, जिची आई समुद्रापलीकडं झोपली होती. तिकडं म्हणे तेव्हा रात्र असते. लेकीवर काय वेळ आली आहे हे त्या माउलीच्या स्वप्नातही नसेल.

तानी हुशार होती. तिचे हात बघून साखरबाईला धीर आला. पण तो धीर उन्हं वर चढतील तसा आटत गेला. मूल पुढं सरकेना. कळा येत, रूतबाई धनुष्यासारखी ताणली जाई आणि पुन्हा बाजल्यावर कोसळे. तिच्या तोंडातून आता इंग्रजीसुद्धा नीट निघत नव्हतं. एकच शब्द ओळखू येत होता. मदर. मदर.

साखरबाईला काय करावं ते सुचेना. आपली भाचीबिची असती तर म्हटलं असतं, जोर कर गं माझे राणी, आता थोडंच राहिलं. शिव्या घातल्या असत्या, आईनं घातल्या तशा. एवढं मोठं तोंड देवानं दिलं, ते आज मुकं. तिचा हात तेवढा रूतबाईच्या मुठीत होता, आणि ती मूठ इतकी घट्ट की काचेच्या बांगड्या फुटून मनगटातून रक्त आलं होतं.

गावाकडं सप्त्यात एक बुवा कीर्तनाला यायचे, त्यांची तिला आठवण झाली. बुवा मोटेच्या नाड्याचा दृष्टांत द्यायचे. नाड्याला पडलेली गाठ पाण्यानं फुगली म्हणजे ओढून सुटत नाही. ओढाल तितकी आवळते. ती वाळावी लागते. मग शेतकऱ्यानं काय करायचं? तर गाठीवर हात ठेवून बसायचं, आणि नाव घ्यायचं. बुवा टाळ थांबवून हळूच म्हणायचे, "देव तरी दुसरं काय करतो रे? आपल्या गाठीवर हात ठेवून बसतो." लहानपणी साखरबाईला वाटे, हे काय, देवाला गाठ सोडता येत नाही? आज तिला त्याचा अर्थ कळला, आणि कळून तिचा जीव आणखीच घाबरा झाला.

"बाय," तानी एकाएकी म्हणाली, "हिच्या अंगावर काय काय बांधलेलं हाय?"

साखरबाईला लगेच कळलं. हे तर पाथर्डीकडंही करत. बाई अडली की घरात काही बांधलेलं ठेवायचं नाही. दोघींनी झटपट रूतबाईचे केस मोकळे केले, मनगटातलं घड्याळ काढलं. बोटातली अंगठी निघेना तेव्हा खोबरेल लावून काढली. साखरबाईनं आपला अंबाडा सोडला. तानीनं कणगीवरचं झाकण काढलं, दाराची दोरी सोडली, अंगणातल्या शेळ्या सोडल्या, कोंबड्यांचं खुराडं उघडलं. कोंबड्या ओरडत साहेबाच्या पायांतून पळाल्या. पाड्यात निरोप गेला, आणि घरोघरच्या बायकांनी दावी सोडली. रस्ताभर गुरं मोकळी झाली.

तरी मूल हलेना.

तानी दारात येऊन उभी राहिली. घामानं डबडबलेली. तिची नजर पुलावर गेली, त्या कलंडलेल्या धुडावर, त्याला करकचून आवळलेल्या साखळदंडांवर.

"अगं बाय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "ते पाह्यलं का? एवडं मोटं बांधून ठेवलंय वाटेत. पोर कुटून यायचं? त्याला सांग, सोड म्हनावं."

साखरबाई बाहेर गेली. चंद्रभान पुलावरून खाली आला होता, साहेबाजवळच उभा होता. तिनं तानीचं म्हणणं त्याला सांगितलं.

"येडी का खुळी?" चंद्रभान दबक्या आवाजात ओरडला. "साखळी सोडली तर सगळं खाडीत जाईल! खाली जॅकपाशी माणसं हायेत, बुधा हाय, झुंबर हाय. चेचून मरतील!"

पण साहेबानं दोघांच्या तोंडाकडं पाहिलं होतं. त्यानं चंद्रभानचा दंड धरला. काय? काय म्हणतात त्या? चंद्रभाननं आधी मान हलवली. पण साहेब सोडीना. मग चंद्रभाननं हिंदी, इंग्रजी आणि हातवारे एकत्र करून सांगितलं: बूढी बोलती है, सब गाठ खोलो, बेबी आयेगा. आणि नको असताना बोटही पुलाकडं केलं.

साहेब हसला नाही. तो साखळदंडांकडे बघत राहिला. त्या माणसानं डोंगराएवढी यंत्रं हलवली होती. आणि आज सकाळपासून कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी तो नुसता उभा होता. आतून पुन्हा किंकाळी आली, पण आधीच्यापेक्षा बारीक. ते जास्त वाईट होतं.

साहेब पुलाकडे चालू लागला. ट्रेलरपाशी पोचला. साखळी ताणून धरणारा जो मोठा लोखंडी स्क्रू असतो, त्यावर त्यानं हात ठेवला.

"साहेब, नाही!" चंद्रभान धावला. पुलाखालची माणसं वर बघू लागली. झुंबरनं हातातली पहार तशीच धरून ठेवली. कुणी हललं नाही. साखरबाईनं डोळे मिटले आणि दोनदाच म्हणाली, पांडुरंगा, पांडुरंगा. कुणासाठी म्हणाली ते तिला स्वतःला ठाऊक नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा साहेब रस्त्यावर बसला होता. भर रस्त्यात, धुळीत, पाय पसरून. तो आपल्या बुटांच्या नाड्या सोडत होता. एक नाडी सुटायच्याऐवजी आवळली, आणि तो तिच्याशी लहान मुलासारखा झोंबत राहिला. चंद्रभान खाली बसला. त्यानं साहेबाचा पाय मांडीवर घेतला आणि दातांनी ती गाठ सैल केली.

मग चंद्रभाननं स्वतःचं मुंडासं सोडलं. ते पाहून झुंबरनं सोडलं. बुधानं कमरेचा करगोटा सोडला, त्यावर कुणीतरी म्हणालं, "बुध्या, लंगोटीवर थांब हां," आणि त्या तसल्या वेळीही दोघेतिघे हसले. पुलाखालच्या, पुलावरच्या सगळ्या खलाशांनी पागोटी, मुंडाशी, गळ्यातले ताईत, जे जे बांधलेलं होतं ते सोडलं. साखळदंड तेवढा तसाच राहिला. साहेब बूट दोन्ही हातांत घेऊन अनवाणी परत आला, आणि त्यानं ते तानीच्या दाराशी नाड्या पसरून ठेवून दिले, देवापुढं ठेवावेत तसे.

तानीनं त्या बुटांकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि आत गेली.

मूल झालं. लगेच नाही. गाठी सुटल्या म्हणून झालं, की व्हायचंच होतं म्हणून झालं, हे कुणी सांगावं? मुलगी होती. मुठीएवढी, निळसर. रडेना. तानीनं तिला चोळलं, उलटी धरली, तोंडात बोट घातलं, फुंकर मारली. साखरबाई बघत राहिली. हात रूतबाईच्या मुठीत, डोळे त्या निळ्या गोळ्यावर. कितीतरी वेळानं मांजरीच्या पिलासारखा एक आवाज आला.

दाराबाहेर साहेब भिंतीवर डोकं टेकून रडू लागला.

पण तानी हसली नव्हती. ती रूतबाईच्या पायांशी बसून होती आणि चिंध्यांवर चिंध्या लाल होत होत्या. तिनं पोट चोळलं, कसला तरी पाला वाटून दिला. "थांबत नाय," ती साखरबाईकडं न बघता म्हणाली. "माजं काम झालं, बाय. आता दाक्तर पायजे."

जीप आली होती. डॉक्टर पुलापलीकडं उभा होता, म्हातारा, धोतर-कोटातला. साखळ्यांवरून चढणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. "तिला इकडं आणा! लवकर आणा!" तो तिकडून ओरडत होता.

ओहोटी लागली होती. खलाशांची सोडलेली मुंडाशी होतीच. तीच बांबूला बांधून डोली केली. चार गड्यांनी खांदा दिला आणि मांडीएवढ्या चिखलातून डोली निघाली. पुढं साहेब, अनवाणी, पोर छातीशी धरलेली, चिखलात रुतत, सावरत. डोलीबरोबर साखरबाई, लुगडं खोचून. रूतबाईचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. पण मूठ तशीच होती.

पलीकडे जीपमध्ये तिला मागं आडवं निजवलं. पायाशी डॉक्टर बसला. पुढं पोर घेऊन साहेब. झाली जीप भरून. साखरबाईला बसायला बोटभर जागा नव्हती.

"हात सोडवा, बाई," डॉक्टर म्हणाला. "वेळ नाही."

साखरबाईनं एकेक बोट उलगडलं. रूतबाईचे ओठ हलले. 'नो गो' म्हणत असावी, किंवा 'मदर'. शेवटचं बोट सुटलं आणि जीप धुळीत दिसेनाशी झाली. साखरबाई चिखलानं माखलेला तो हात पुढं धरूनच उभी राहिली. कितीतरी वेळानं चंद्रभाननं तो हात धरून खाली केला.

मग काहीच कळलं नाही. पालघरहून मुंबईला नेलं एवढं कळलं. ट्रेलर निघाला, पूल मोकळा झाला, मोटारी ये-जा करू लागल्या. बंगल्याला कुलूप. दाराशी भरून ठेवलेली बॅग आतच राहिली होती.

पाचवीच्या दिवशी साखरबाई हळदकुंकू, सुपारी आणि ज्वारीचे मूठभर दाणे घेऊन तानीकडं गेली. सटवाई पाचव्या दिवशी बाळाच्या कपाळी लिहायला येते. पण बाळ इथं नाही, आई इथं नाही, बाळाचं नावही कुणाला माहीत नाही.

"मावशी, सटवाईला ती पोर सापडंल का गं?" तिनं विचारलं. "मुंबईत एवढी घरं. आणि ही परमुलखातली."

"नाल इथं पुरलीय," तानी म्हणाली. "जिथं नाल, तिथं ती येनार. मग शोधील तिची ती."

दोघींनी पाट्यावर पूजा मांडली. दाराशी साहेबाचे बूट अजून तसेच होते, नाड्या पसरलेले. तानीनं कुणाला हात लावू दिला नव्हता. शेळ्या, गुरं, दारं, सगळं पाड्यानं पुन्हा बांधलं होतं. पण ते बूट नाही. ज्यांच्यासाठी सोडलं, त्या दोघी धड झाल्याचं कळल्याशिवाय ते बांधायचं नसतं, असं ती म्हणाली.

उन्हं कलली तेव्हा चंद्रभान रस्त्यानं घाईघाईनं येताना दिसला. साखरबाई उठून उभी राहिली.

"साहेबाचा निरोप आला हाफिसात," तो लांबूनच म्हणाला. "पोरगी बरी हाय. दूध पिती म्हणं. रडती बी जोरात."

"आणि बाई?"

चंद्रभान अंगणात येऊन थांबला. डोईवर नवं मुंडासं होतं, ते त्यानं उगाच सारखं केलं.

"अजून डोळे उघडलं नाहीत. रक्त चढवत्यात. डॉक्टर काय सांगत नाहीत."

तानीनं पाट्यावरचा दिवा हातानं आडोसा करून जपला. पुलावरून एक रिकामा ट्रेलर बोईसरकडं गेला. त्याच्या मोकळ्या साखळ्या बराच वेळ खणखणत राहिल्या.

साखरबाई दाराशी बसली. तिनं एक बूट मांडीवर घेतला. त्यावरची धूळ पदरानं पुसली, नाडी भोकाभोकांतून नीट ओवली, आणि लहान मुलाच्या झबल्याची बांधावी तशी हलक्या हातानं गाठ मारली. तो बूट तिनं पाट्यापाशी ठेवला.

दुसरा बूट तिनं बांधला नाही. त्याच्या मोकळ्या नाड्यांवर हात ठेवून ती बसून राहिली, आणि नाव घेऊ लागली.